पहिल्या हंगामाचा ताळेबंद



माझा नातू अकरावीत शिकतो आणि महाविद्यालयाच्या बास्केटबॉल संघात खेळतो. यंदा त्यांच्या संघाला नवे प्रशिक्षक लाभले. महिना उलटला तरी त्यांनी एकही सराव-सामना खेळवला नाही. पाय कसे टाकावेत, धावता धावता कसे थांबावे, चेंडू छातीपासून सरळ कसा द्यावा, एवढेच रोज दोन तास चालते. गेल्या रविवारी सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाला आम्ही सारे एकत्र बसलो असताना तो वैतागून म्हणाला, “आजोबा, ह्या सरांच्या हाताखाली आम्ही या वर्षी एकही मॅच जिंकणार नाही.” चिरंजीवांनी लागलीच विचारले, “मग प्राचार्यांना भेटू का?” मी दोघांनाही थांबवले आणि म्हणालो, “भेटण्याआधी एका प्रशिक्षकाची हकीकत ऐका.” त्या दिवशी जेवणाच्या पाटावर जे सांगितले, तेच आज थोडे विस्ताराने आपल्यापुढे ठेवतो.

ही हकीकत जॉन वुडन यांची आहे. अनेक वर्षांपूर्वी बँकेच्या प्रशिक्षण केंद्रातील ग्रंथालयात त्यांचे आत्मचरित्र माझ्या हाती आले. खेळाशी माझा संबंध बेताचाच. परंतु माणसे घडविण्याचे काम कसे असते, हे त्या पुस्तकाने मला जितके शिकविले तितके व्यवस्थापनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांनी शिकविले नाही.

वुडन यांचा जन्म १९१० मध्ये अमेरिकेतील इंडियाना राज्यात झाला. वडील लहान शेतकरी. कर्जामुळे आणि दुर्दैवामुळे त्यांची शेती हातची गेली. परंतु खोटे बोलू नये, फसवू नये, चोरू नये आणि रडगाणे गाऊ नये, कुरकुर करू नये, सबबी सांगू नयेत, ही त्यांची शिकवण मात्र मुलांकडे राहिली. जॉन स्वतः पर्ड्यू विद्यापीठाचा नामांकित खेळाडू झाला. १९३२ मध्ये त्याचे लग्न ठरले. लग्नखर्चासाठी नऊशे डॉलरहून थोडी अधिक रक्कम त्याने बँकेत साठविली होती. परंतु तो महामंदीचा काळ होता आणि लग्नाच्या तोंडावर ती बँकच बुडाली. परिचितांकडून उसने पैसे घेऊन त्याने लग्न केले. आयुष्यभर बँकेत नोकरी केलेल्या माझ्यासारख्याला हा प्रसंग वाचताना ओशाळल्यासारखे झाले. ठेवीदाराने विश्वासाने ठेवलेला पैसा म्हणजे बँकेने त्याला दिलेला शब्दच असतो. तो शब्द मोडला की काय होते, हे वुडन यांनी ऐन तारुण्यात अनुभवले होते. पुढे स्वतःचा शब्द पाळण्याची वेळ त्यांच्यावर आली तेव्हा ते कसे वागले, हे पाहण्यासारखे आहे.

शाळांत इंग्रजी शिकवीत आणि संघ घडवीत, मध्यंतरी महायुद्धकाळात नौदलात सेवा बजावून, ते १९४६ मध्ये इंडियाना स्टेट टीचर्स कॉलेजात प्रशिक्षक म्हणून रुजू झाले. तेथील त्यांचा पहिलाच हंगाम उत्तम गेला आणि लहान महाविद्यालयांच्या राष्ट्रीय स्पर्धेचे आमंत्रण आले. ही स्पर्धा कॅन्सस सिटी येथे भरत असे. आमंत्रण मोठे होते; परंतु स्पर्धेच्या नियमांनुसार कृष्णवर्णीय खेळाडूंना मज्जाव होता. वुडन यांच्या संघात क्लॅरेन्स वॉकर नावाचा एक कृष्णवर्णीय विद्यार्थी होता. तो संघातील प्रमुख खेळाडूही नव्हता, बहुतेक वेळ राखीव बाकावर बसणारा. त्याला घरी ठेवून बाकीचे गेले असते तर संघाचे बळ फारसे घटले नसते. तरीही नव्या प्रशिक्षकाने आमंत्रण नाकारले.

दुसऱ्या वर्षी पुन्हा आमंत्रण आले. या वेळी वॉकरला खेळू देण्याची तयारी होती, मात्र त्याने संघाबरोबर हॉटेलात राहू नये अशी अट होती. वुडन यांचे मन पुन्हा नकाराकडे झुकले. परंतु त्याचे खेळणे हाच एक बंद दरवाजा उघडणे ठरेल, असे वॉकरच्या कुटुंबीयांनी आणि कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या संघटनेने त्यांना पटवून दिले. संघ गेला. १९४८ च्या मार्चमध्ये वॉकर त्या स्पर्धेत खेळणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला. अंतिम सामन्यात संघ हरला. कॅन्सस सिटी हे गावाचे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे; पुढे त्याचा पुन्हा संबंध येणार आहे.

या यशानंतर दोन मोठ्या विद्यापीठांनी त्यांना बोलावले. एक मिनेसोटा आणि दुसरे लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठ, ज्याला संक्षेपाने यूसीएलए म्हणतात. पतिपत्नी दोघांचाही ओढा मिनेसोटाकडे होता. तो प्रदेश त्यांच्या माहितीचा आणि माहेरासारखा. मात्र आपला साहाय्यक आपणच निवडणार, एवढी एक अट त्यांनी मिनेसोटापुढे ठेवली होती. तिला मंजुरी मिळाल्याचा दूरध्वनी एका ठरलेल्या संध्याकाळी यायचा होता आणि त्यानंतर थोड्या वेळाने यूसीएलएचा. वुडन यांनी पुढे अनेकदा सांगितल्याप्रमाणे, त्या दिवशी मिनेसोटात हिमवादळाने दूरध्वनीच्या तारा विस्कळीत झाल्या होत्या. ठरलेली वेळ टळली, दूरध्वनी आला नाही. मग यूसीएलएचा आला. मिनेसोटाने आपला विचार बदलला असावा असे समजून वुडन यांनी होकार दिला. तासाभरात मिनेसोटाचाही दूरध्वनी आला: अट मान्य आहे, केव्हा येता?

कागदावर सही झालेली नव्हती. दुसऱ्या बाजूला दूरध्वनी करून अडचण सांगणे अगदी सोपे होते. व्यवहारात अशी सवलत आपण रोजच घेत असतो. वुडन यांनी उत्तर दिले की मी शब्द देऊन बसलो आहे. जिथे जायचे मनात नव्हते तिथे ते केवळ एका तासापूर्वी दिलेल्या शब्दामुळे गेले.

आता त्या पहिल्या हंगामाकडे वळू. १९४८ च्या वसंतात त्यांनी नव्या संघाचा पहिला सराव पाहिला आणि ते खचले. आपला जुना, लहान महाविद्यालयाचा संघ या मुलांना सहज हरवील असे त्यांना वाटले. आदल्या हंगामात या संघाने १२ सामने जिंकले होते आणि १३ गमावले होते. आता जुने प्रमुख खेळाडूही निघून गेले होते. पॅसिफिक कोस्ट कॉन्फरन्सच्या दक्षिण विभागात चार संघ होते आणि जाणकारांचे भाकीत होते की यूसीएलए चौथे येईल.

सरावाची जागा तर विचारू नये. व्यायामशाळेच्या तिसऱ्या मजल्यावरचे ते मैदान बास्केटबॉलपुरते राखीव नव्हते. एका बाजूला कसरतपटू, दुसऱ्या बाजूला कुस्तीगीर आणि मधल्या जागेत हे. हवा खेळत नसे, घामाचा वास कोंडून राही. त्यामुळे त्या जागेला विद्यार्थ्यांनी दुर्गंधीवरून एक टोपणनावच ठेवले होते. फरशीवर धूळ साचे आणि पाय घसरत. सराव सुरू होण्याआधी वुडन स्वतः विद्यार्थी-व्यवस्थापकांना बरोबर घेऊन ती फरशी झाडीत आणि पुसून काढीत. हे काही पहिल्या दिवसाचे नाटक नव्हते. स्वतंत्र क्रीडागृह उभे राहीपर्यंत, म्हणजे १९६५ पर्यंत, ते फडके त्यांच्या हातून सुटले नाही.

कामाची पद्धतही पाहण्यासारखी आहे. दोन तासांच्या सरावाची आखणी करायला त्यांना जवळजवळ तितकाच वेळ लागे. कोणत्या मिनिटाला काय करायचे, हे लहान पत्त्यांवर लिहून ते मैदानावर येत. ते पत्ते आणि टिपणे वर्षानुवर्षे जपून ठेवीत. वेळेवर यावे, अपशब्द वापरू नये, सहकाऱ्याची निंदा करू नये, हे तीन नियम सर्वांना सारखे. बास्केट केलेल्या खेळाडूने लगेच ज्याने चेंडू दिला त्याच्याकडे पाहून मान हलवावी, खूण करावी, हीही शिकवण. कारण टाळ्या चेंडू टाकणाऱ्याला मिळतात आणि देणारा विसरला जातो.

त्यांच्या शिकवणीतील सर्वांत प्रसिद्ध गोष्ट पायमोज्यांची. नव्या मुलांना ते प्रथम मोजे कसे घालावेत ते शिकवीत. टाचेपाशी आणि करंगळीपाशी एकही सुरकुती राहता कामा नये. मग बुटाची नाडी प्रत्येक छिद्रापाशी ओढून घट्ट करावी. मोठमोठे खेळाडू हे ऐकून एकमेकांकडे पाहून हसत. पण कारण साधे होते. सुरकुती पडली की फोड येतो, फोड आला की खेळाडू बाहेर बसतो.

आपल्या परंपरेला ही भाषा अपरिचित नाही. साधूसाध्वींच्या पाच समितींमध्ये पहिली ईर्यासमिती, म्हणजे पाऊल पाहून टाकणे. तिथे हेतू जीवदयेचा असतो, इथे खेळाचा. दोहोंची पातळी एक नव्हे, हे मला मान्य आहे. परंतु मोठे व्रत लहान कृतीतच पाळले जाते, ही जाण दोन्हीकडे आहे. भगवान महावीरांनी गौतमस्वामींना क्षणभरही प्रमाद करू नकोस असे पुन्हा पुन्हा बजावले, ही उत्तराध्ययन सूत्रातील गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. प्रमाद म्हणजे काही मोठे पापच असते असे नाही. बहुधा तो मोज्याच्या सुरकुतीएवढाच असतो.

वुडन यांचा संघ वेगाने खेळे. पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा संथ, मोजून-मापून खेळण्याची रीत होती. यांनी चेंडू हाती येताच धावत सुटायला शिकविले. त्यासाठी दमसास हवा, म्हणून सरावात कठोर मेहनत. खेळाडूंमध्ये जॉर्ज स्टॅनिच होता, ज्याने त्याच वर्षी लंडनच्या ऑलिम्पिकमध्ये उंच उडीत कांस्यपदक मिळविले होते. त्याला त्यांनी गार्डच्या जागी खेळविले. बाकीची मुले त्या मानाने अप्रसिद्ध. आणि एक विशेष असे की, सामन्यापूर्वी ‘जिंकायचेच’ हा शब्द प्रशिक्षकाच्या तोंडी येत नसे. आपल्याकडून होईल तितके उत्तम केले, ही खात्री झाल्यावर मनाला जी शांती लाभते ती म्हणजे यश, अशी व्याख्या त्यांनी तरुण शिक्षक असतानाच, १९३४ मध्ये, करून ठेवली होती. तिचे कारणही आपल्या ओळखीचे आहे: मुलाला कमी गुण पडले म्हणून पालक शिक्षकावर आणि मुलावर चिडत, ते त्यांना पाहवेना. या व्याख्येवर त्यांनी ‘यशाचा पिरॅमिड’ रचला आणि तो नेमका १९४८ मध्ये, यूसीएलएला जाण्याआधी, पूर्ण केला. त्याच्या पायाचे दोन कोपरे म्हणजे उद्योगशीलता आणि उत्साह. श्रद्धा आणि धीर हे वरचे दगड सांधणारा चुना.

हंगाम संपला तेव्हा चौथा येणारा म्हणून गणला गेलेला संघ विभागात पहिला होता. विभागातील १२ सामन्यांपैकी १० जिंकले. एकूण २२ विजय आणि ७ पराभव. एका हंगामात इतके विजय त्या विद्यापीठाने पूर्वी कधी पाहिले नव्हते. पुढे कॉन्फरन्सच्या विजेतेपदासाठी उत्तर विभागातील ओरेगन स्टेटशी तीन सामन्यांची मालिका झाली, तीत ते हरले आणि हंगाम तिथेच थांबला.

इथे माझ्यातला हिशेबनीस बोलू लागतो. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी दोन पत्रके शिकवितात. नफा-तोटा पत्रक एका वर्षापुरते असते. ३१ मार्चला ते मिटते आणि १ एप्रिलला शून्यापासून सुरू होते. ताळेबंद मात्र पुढे पुढे चालत राहतो. त्यात आजवर साठलेले सारे असते, मालमत्ताही आणि देणीही. २२ विजय आणि ७ पराभव ही नफा-तोटा पत्रकातील नोंद. पुसलेली फरशी, न मोडलेला शब्द, चेंडू देणाऱ्याकडे पाहून हललेली मान, या साऱ्याची नोंद ताळेबंदात होते. आपण मात्र पहिलेच पत्रक वाचून टाळ्या वाजवतो किंवा तक्रार करतो.

हे मी तटस्थपणे लिहीत नाही. मी प्रथम शाखाधिकारी झालो तो एका तालुक्याच्या गावी. ठेवींचे उद्दिष्ट मोठे होते आणि नव्या अधिकाऱ्याने पहिल्याच वर्षी चमक दाखवावी अशी माझीच हौस होती. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ओळखीच्या व्यापाऱ्यांना गळ घालून मी काही दिवसांपुरत्या ठेवी आणविल्या. ३१ मार्चचा आकडा झळकला, वरिष्ठांचे अभिनंदनपत्र आले, ते मी घरी फ्रेम करून लावले. एप्रिलच्या पहिल्याच पंधरवड्यात त्या ठेवी परत गेल्या. पण तेवढ्यावर भागले नाही. पुढच्या वर्षी उद्दिष्ट त्या फुगलेल्या आकड्यावर ठरले आणि ते गाठण्यासाठी माझ्या हाताखालच्या तरुण कर्मचाऱ्यांनी तीच युक्ती वापरली. मी त्यांना रागावू शकलो नाही. त्यांनी मोजे माझ्याकडूनच घालायला शिकले होते. काही वर्षांनी ते अभिनंदनपत्र मी भिंतीवरून उतरविले.

वुडन यांच्याकडे पुन्हा येतो. दुसऱ्या हंगामात त्यांच्या संघाने २४ सामने जिंकले आणि साऱ्या कॉन्फरन्सचे विजेतेपद मिळविले. अशा वेळी पर्ड्यूने, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या विद्यापीठाने, त्यांना परत बोलावले. घराजवळ, अधिक सोयी, अधिक मान. वुडन यांचे मन घेऊन गेलेच होते. लॉस एंजेलिसच्या गर्दीत पतिपत्नी रमली नव्हती आणि कबूल झालेले क्रीडागृह कुठेच दिसत नव्हते. त्यांनी परवानगी मागितली. अधिकाऱ्यांनी त्यांना एवढीच आठवण दिली: आम्ही दोन वर्षांचा करार देत होतो, तीन वर्षांचा आग्रह तुमचा होता. आपल्याच आग्रहाने घेतलेली मुदत मोडणे वुडन यांना पटले नाही. ते राहिले, मुदत संपल्यानंतरही राहिले. एकूण सत्तावीस हंगाम.

सत्यव्रताविषयी आपण प्रवचने ऐकतो तेव्हा खोटे न बोलणे एवढाच अर्थ बहुधा मनात धरतो. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पेढीवर मात्र सत्याचा अर्थ याहून अवघड होता. तोंडी ठरलेला भाव दुसऱ्या दिवशी बाजार चढला तरी बदलायचा नाही. तोट्याच्या वेळी पाळलेल्या अशा शब्दांतूनच पेढीची पत उभी राहत असे. हिशेबशास्त्रात तिला ख्याती म्हणतात. ती विकत घेता येते, पण एका वर्षात निर्माण करता येत नाही.

त्या ख्यातीचे फळ लवकर आले का? नाही. हीच गोष्ट मला नातवाला मुख्यत्वे सांगायची होती. चांगले हंगाम आले, पण राष्ट्रीय विजेतेपद नाही. १९५९ मध्ये बर्कली येथील शेजारच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने ते मिळविले. यूसीएलएचा पुढचाच हंगाम १४ विजय आणि १२ पराभव इतका साधारण गेला. नव्या प्रशिक्षकाला जेमतेम दोन वर्षे देणारा आजचा काळ असता, तर बारा वर्षांनी असा हिशेब देणाऱ्याला कुणी ठेवले असते? वुडन यांनी सबबी सांगितल्या नाहीत. जपून ठेवलेली टिपणे काढून आपलेच दोष शोधले. आपल्याकडे प्रतिक्रमणात दिवसाचा, पक्षाचा, वर्षाचा दोष आठवून त्यातून मागे फिरण्याचा परिपाठ आहे. त्याचे हे एक लौकिक रूप म्हणावे. साहाय्यक जेरी नॉर्मन यांनी प्रतिपक्षाला संपूर्ण मैदानभर दाबून धरण्याची पद्धत अवलंबावी असा आग्रह धरला, तोही त्यांनी वयाचा आणि अधिकाराचा अभिमान न बाळगता मानला.

१९६३-६४ हा यूसीएलएमधला त्यांचा सोळावा हंगाम. संघात उंचापुरा म्हणावा असा एकही खेळाडू नव्हता. तरी तीस सामने झाले आणि तीसही जिंकले. अंतिम सामन्यात ड्यूक विद्यापीठाला ९८ विरुद्ध ८३ असे हरवून पहिले राष्ट्रीय विजेतेपद मिळाले. हा सामना झाला कॅन्सस सिटीत! ज्या गावी १९४७ मध्ये क्लॅरेन्स वॉकरला प्रवेश नव्हता आणि १९४८ मध्ये ज्याला संघाबरोबर हॉटेलात राहू दिले गेले नाही, त्याच गावी वॉल्ट हॅझर्ड आणि फ्रेड स्लॉटर हे कृष्णवर्णीय खेळाडू विजेत्या संघाच्या पहिल्या पाचांत होते, आणि केनी वॉशिंग्टन या बदली उतरलेल्या कृष्णवर्णीय खेळाडूने एकट्याने २६ गुण केले होते. नाकारलेल्या आमंत्रणाची नोंद कुठल्याही विजयतक्त्यात नव्हती. ताळेबंदात मात्र ती होती.

हा हंगाम धरून १९७५ पर्यंतच्या बारा हंगामांत दहा राष्ट्रीय विजेतेपदे, त्यांपैकी सात सलग, आणि एका टप्प्यावर सलग ८८ विजय असा इतिहास घडला. आज वुडन यांचे नाव निघाले की हेच आकडे सांगतात; फरशी पुसण्याची ती सतरा वर्षे सहसा कुणी सांगत नाही.

लेखापरीक्षकाने जमेची बाजू पाहून सही करू नये, म्हणून नावे बाजूही नोंदवितो. विजेतेपदांच्या काळात एका धनिक चाहत्याने खेळाडूंना नियमबाह्य लाभ करून दिल्याचे प्रकरण पुढे आले आणि वुडन निवृत्त झाल्यानंतर, १९८१ मध्ये, विद्यापीठावर कारवाई झाली. वुडन यांनी स्वतः काही घेतले असा आरोप नव्हता; परंतु मोज्यांच्या सुरकुत्या पाहणाऱ्या डोळ्यांनी याकडे पुरेसे पाहिले नाही, ही टीका झाली आणि ती अगदीच निराधार म्हणता येत नाही. अनेकांत मानणाऱ्या आपल्यासारख्यांना यात अवघड वाटू नये. एकाच माणसात शब्दाची निष्ठा आणि एखाद्या बाजूला झालेला प्रमाद दोन्ही असू शकतात. एकामुळे दुसरे पुसले जात नाही. उलट, इतक्या सावध माणसाच्याही हातून निसटते, तर आपण किती सावध असावे, एवढे त्यातून घ्यावे.

धनाविषयी मात्र त्यांचे वागणे स्वच्छ होते. यूसीएलएतला त्यांचा आरंभीचा पगार वर्षाला सुमारे सहा हजार डॉलर होता. तो पुरेना, म्हणून सुरुवातीच्या वर्षांत ते सकाळी एका दुग्धालयात दूधगाड्या रवाना करण्याचे काम करीत आणि दुपारी संघाकडे येत. दहा विजेतेपदांनंतर १९७५ मध्ये ते निवृत्त झाले तेव्हाही त्यांचा वार्षिक पगार तेहतीस हजार डॉलरच्या आतच होता. आज अमेरिकेतील मोठ्या विद्यापीठांचे प्रशिक्षक लाखो डॉलर घेतात. वुडन गृहस्थ होते, त्यागी नव्हते. पण गरजेची मर्यादा ओळखणे म्हणजे काय, हे त्यांना कुणी परिग्रह-परिमाण व्रताचे नाव न सांगताही कळले होते. २०१० मध्ये, वयाची शंभरी पूर्ण होण्यास काही महिने उरले असताना, त्यांचे निधन झाले.

जेवण आटोपले होते, सूर्य मावळतीला आला होता. चिरंजीव प्राचार्यांना भेटण्याविषयी पुढे काही बोलले नाहीत. नातवाचे मात्र पूर्ण समाधान झालेले दिसले नाही. तो म्हणाला, “पण आजोबा, आमचे सर वुडन नसतील तर?” प्रश्न रास्त होता. संथ शिकविणारा प्रत्येक शिक्षक थोर असतो असे नाही. काही नुसतेच संथ असतात. मी त्याला म्हणालो, “तीन गोष्टी पाहा. सर वेळेवर येतात का? बोललेले पाळतात का? आणि बाकावर बसणाऱ्या मुलाशी तुझ्याशी बोलतात तसेच बोलतात का? तिन्हींचे उत्तर होय असेल तर पायाचे काम मुकाट्याने कर. नसेल तर मला सांग, मी स्वतः प्राचार्यांकडे येतो.”

परवा तो सरावाहून परतला तेव्हा मी काही विचारले नाही. त्यानेच बूट काढता काढता सांगितले की आज सर सर्वांच्या आधी आले होते, आणि मैदानात काल रात्रीच्या पावसाचे पाणी साचले होते ते खराट्याने काढीत होते. “मग तू काय केलेस?” मी विचारले. “दुसरा खराटा शोधला,” तो म्हणाला.

संघाचा पहिला सामना पुढल्या महिन्यात आहे. निकाल काय लागेल ते लागो. मी पाहायला जाणार आहे.